जिवंत दगड आणि त्यातले किडे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर न्यूकी नावाचे गाव आहे. तिथल्या ब्ल्यू रीफ मत्स्यालयात २००९ च्या सुरुवातीला एक कोडे पडले. पोवळ्यांच्या टाकीत रात्रीतून मोडतोड होत होती. पोवळी कुरतडलेली, तुटलेली. टँग जातीच्या माशांना जखमा. दिवसा पाहावे तर सगळे शांत. कर्मचाऱ्यांनी आमिष घालून सापळे लावले, तर सापळेच मोडून पडले. गळ टाकले, तर वीस पौंडांचा ताण सोसणारी दोरी तुटलेली मिळाली. अखेर टाकीतला एकेक दगड उचलून बाहेर काढायला घेतला, तेव्हा तो दिसला: चार फूट लांबीचा जाडजूड किडा. अगदी लहान असताना कधीतरी दगडाच्या पोटात बसून तो आला असावा, असा अंदाज निघाला. त्याचे नाव बॅरी ठेवण्यात आले आणि त्याची रवानगी वेगळ्या टाकीत झाली.

बॅरीची बातमी जगभर छापून आली. तेव्हापासून घरात खाऱ्या पाण्याची, पोवळ्यांची टाकी बाळगणाऱ्याला दगडाच्या भोकातून काही वळवळताना दिसले की छातीत धस्स होते. आता आपल्या टाकीचे काही खरे नाही असे वाटते, आणि मग औषधांच्या बाटल्या बाहेर येतात. मुंबई, ठाणे, पुण्यात हा छंद असलेली मंडळी आता बरीच आहेत. त्यांच्या टाक्या पाहून, त्यांच्याशी बोलून आणि या विषयावर मिळेल ते वाचून माझे मत असे झाले आहे की किड्यांनी जेवढ्या टाक्या बिघडवल्या असतील, त्याहून जास्त टाक्या किड्यांना मारण्याच्या घाईने बिघडल्या आहेत. टाकीतले बहुतेक किडे निरुपद्रवी असतात, काही तर हवेच असतात. शत्रू म्हणावेत असे थोडे. ते थोडे कोणते, हे ओळखता आले की निम्मे काम झाले.

किडा टाकीत येतो तो दगडातून. छंदातले लोक ज्याला लाइव्ह रॉक म्हणतात, तो दगड म्हणजे मेलेल्या पोवळ्यांचा चुनखडीचा सांगाडा. लाटांनी मोडून तळाशी पडलेला, वर्षानुवर्षे पाण्यात राहून भोकाभोकांचा झालेला. त्या भोकांत आणि भेगांत जिवाणू, शैवाल, स्पंज, खेकड्यांची पिल्ले, गोगलगायी आणि किडे वस्ती करतात. दगडाच्या बाहेरच्या थरात प्राणवायू भरपूर असतो. आत जावे तसा तो संपत जातो. बाहेरचे जिवाणू माशांच्या विष्ठेतून आणि कुजक्या अन्नातून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोलवरचे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. टाकीतल्या पाण्याची अर्धीअधिक स्वच्छता या दगडावर चालते.

अशा दगडावर टाकी चालवण्याचा शोध कोण्या प्रयोगशाळेचा नाही. जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकी मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्राचे पाणी, समुद्रातून उचललेले जिवंत दगड आणि हवेचे बारीक बुडबुडे, एवढ्या सामानावर त्यांनी घरच्या टाकीत पोवळी जगवली होती. त्या काळी इतरांना मासे जगवणेही अवघड जात होते. पुढे बर्लिनच्या छंदिष्टांनी त्याला प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणारे यंत्र, आणि झगझगीत दिव्यांची जोड दिली, आणि आजच्या रीफ टाकीचा साचा तयार झाला. म्हणजे टाकी ज्याच्यामुळे जगते त्याच दगडातून किडेही येतात. दगड जितका जिवंत, तितकी आतली वस्ती दाट.

कोथरूडला माझा एक मित्र राहतो. बैठकीच्या खोलीत त्याची चार फुटी टाकी आहे. खाली कपाटात सम्प म्हणजे पाणी गाळणारी जोडटाकी, स्किमर आणि उन्हाळ्यात अखंड घरघरणारा चिलर. आपल्याकडे मार्च उजाडला की पाणी तिशीच्या वर जाऊ पाहते आणि पोवळ्यांना पंचवीस-सव्वीस अंश लागतात, म्हणून चिलरला सुट्टी नाही. रात्री टाकीचे दिवे मालवून दोनएक तास गेले की हा मित्र विजेरीला लाल जिलेटिन कागद लावून काचेसमोर बसतो. लाल उजेडाला रात्रीचे जीव सहसा बुजत नाहीत. एकदा मीही शेजारी बसलो होतो. त्याने माशांच्या खाद्याची एक गोळी चिमट्याने दगडाच्या पायथ्याशी ठेवली. बराच वेळ काही हालले नाही. मग एका भोकाच्या तोंडाशी फिकट गुलाबी टोक आले, थबकले, डावीकडे-उजवीकडे चाचपडले. मागोमाग अंग सरकू लागले. प्रत्येक वळ्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या, काचेसारख्या केसांचा एकेक झुपका. अंग आखडले की झुपका ताठ होई, सैल सोडले की मिटे. बोटभर लांबी बाहेर आली तरी शेपूट भोकातच होती. गोळीला तोंड लागताच पुढचा भाग ओठांसारखा बाहेर उलटला आणि गोळी हळूहळू आत ओढली गेली. तेवढ्यात स्वयंपाकघरातला दिवा लागला, आणि मोजपट्टीचे बटण दाबावे तसा तो क्षणात आत.

“अरे, एवढे किडे घरात, आणि तू त्यांना खायला घालतोयस?” दिवा लावणाऱ्या त्याच्या आई दारातून म्हणाल्या.

“आई, हे नसते ना, तर माशांचं उरलेलं सगळं दगडाखाली सडलं असतं. तिथवर माझा हात पोचतो का?”

त्या काचेपाशी आल्या, वाकून पाहिले, आणि दिवा मालवून निघून गेल्या.

हाच तो ब्रिसलवर्म, ज्याच्या नावाने सर्वांत जास्त ओरड होते. गांडूळ आणि जळू ज्या वलयी प्राण्यांच्या संघातले, त्याच संघातला हा, पॉलिकीट वर्गातला. या वर्गाच्या दहा हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे आणि त्यातल्या बहुतेक समुद्रातच राहतात. टाकीत दिसणारे बरेचसे ब्रिसलवर्म मेलेले, उरलेले, सडू लागलेले खातात. आजारी गोगलगाय रात्री मेली तर सकाळपर्यंत शिंपला साफ झालेला असतो. सकाळी उठून रिकामा शिंपला आणि भोवती किडे पाहणाऱ्याला वाटते की यांनीच मारली. तसे क्वचितच घडते. माशाच्या मृत्यूचे कारण शोधायचे असेल तर आधी पाणी तपासावे, त्याच्या अंगावरचे डाग आठवावेत. किडा तिथे पोचतो तो मागाहून.

टाकीतल्या इतर बऱ्याच किड्यांबद्दल तर घाबरण्यासारखे काहीच नाही. दगडाच्या फटीतून लांबच लांब, पारदर्शक धागे वाळूवर पसरलेले दिसतात. तो टेरेबेलिड, लोक त्याला स्पॅगेटी वर्म म्हणतात. धाग्यांना चिकटलेला कण घरंगळत तोंडाशी नेणे एवढाच त्याचा उद्योग. नळीतून पंखा उघडणारा फेदर डस्टर पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातो आणि तो लोक हौसेने विकतही घेतात. शेंगदाण्यासारखा सायपुन्क्युलिड दगडात बीळ करून पडून असतो. काचेवर दिसणारे पांढरे, गुंडाळलेले ठिपके हे स्पायरॉर्बिस. नव्या टाकीत ते खूप वाढतात, पुढे आपोआप ओसरतात. यांना हात लावायचे कारण नाही.

ब्रिसलवर्मच्या केसांना मात्र हात लावायचा नाही, हे खरे. ॲम्फिनोमिडी कुळातल्या किड्यांचे हे शूक कॅल्शियम कार्बोनेटचे, पोकळ आणि ठिसूळ असतात. कातडीत घुसले की मोडतात आणि जळजळ सुरू होते. सूज, खाज, कधी बधिरपणा. टाकीत सर्रास सापडणाऱ्या युरिथो कॉम्प्लानाटा या जातीतून संशोधकांनी दाह निर्माण करणारे द्रव्य वेगळे काढले आहे. जातीच्या नावावरून त्याला कॉम्प्लानिन म्हणतात. केस घुसलेच तर चोळू नये, चोळले की ते आणखी खोल जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढावेत, मग त्या जागेवर व्हिनेगर लावावे. सूज वाढत गेली तर डॉक्टरकडे जावे. दगड उचलताना जाड रबरी हातमोजे आणि किड्यासाठी लांब चिमटा, एवढे पथ्य पाळले की पुरते. चिमट्याने धरताना किडा तुटू देऊ नये. युरिथो तुकड्यांतून वाढतो. ज्याने रागाने चार तुकडे केले त्याला काही आठवड्यांनी चार किडे भेटतात.

या कुळातला एक मात्र खरा पोवळेखाऊ आहे. अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला हर्मोडिस कॅरुनक्युलाटा, दाढीवाला फायरवर्म. डोक्याजवळ भडक रंगाचा, दुमडी-दुमडींचा उंचवटा आणि वळ्यावळ्यांवर लाल-केशरी कल्ले ही त्याची खूण. तो पोवळ्याच्या फांदीचे टोक तोंडात घेऊन मांस शोषून घेतो आणि मागे पांढरा सांगाडा ठेवतो. इस्रायली संशोधकांनी २००३ साली दाखवले की भूमध्य समुद्रातल्या ऑक्युलिना पोवळ्याला विरंजित करणारा जिवाणू हिवाळ्यात याच किड्याच्या अंगात तग धरतो. समुद्र तापू लागल्यापासून सिसिलीच्या किनाऱ्यावर हे किडे इतके वाढले आहेत की जाळ्यात अडकलेले मासे ते कोळ्यांच्या आधी खातात. आपल्याकडे येणारे दगड बहुधा हिंदी-प्रशांत महासागरातले किंवा तिथल्या पद्धतीने तयार केलेले असतात, त्यामुळे हा पाहुणा इथे सहसा भेटत नाही.

साध्या ब्रिसलवर्मची संख्या अचानक वाढली तर? दिव्यांच्या उजेडातही ते बाहेर दिसू लागले, प्रत्येक दगडाखाली गुंताच सापडू लागला तर? माझ्या मते इथे किड्याकडे नव्हे, खाद्याच्या डबीकडे पाहावे. किडे अन्न जेवढे मिळेल तेवढे वाढतात, मिळेनासे झाले की घटतात. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे, गोठवलेले खाद्य वितळवून त्याचे पाणी फेकून द्यावे, दगडांमागे पाण्याचा प्रवाह पोचतो का ते पाहावे. काही आठवड्यांत वस्ती आपसूक उतरते. भर रात्री किडे मोठ्या संख्येने दगड सोडून वर चढताना दिसले तर मात्र तातडीने पाण्यातला प्राणवायू पाहावा. दिवे गेलेल्या रात्री पंप बंद पडले की असे होते, आणि मासे वर येऊन धापा टाकू लागण्याआधी ही सूचना मिळते.

तरीही काही काढायचेच असतील तर सापळा साधा आहे. प्लास्टिकच्या नळीचा वीतभर तुकडा, एक तोंड बंद, दुसऱ्या तोंडाला किड्यापुरते भोक, आत कोळंबीचा तुकडा. टाकीचे दिवे मालवल्यावर वाळूवर ठेवायचा, पहाटे उचलायचा. काही जण नायलॉनच्या मोज्यात कोळंबी बांधून ठेवतात. किड्यांचे केस मोज्यात अडकतात. किडे खाणारे प्राणीही आहेत. ॲरो क्रॅब आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोरल बँडेड कोळंबी लहान ब्रिसलवर्म उचलून खातात, पण ती कोळंबी लहान माशांवरही धावून जाते आणि ॲरो क्रॅब मोठा झाला की काय खाईल याचा नेम नाही. सहा रेघांचा रास मासा, सिक्सलाइन, किडे टिपण्यात पटाईत. मात्र टाकीत एकदा स्थिरावला की नंतर येणाऱ्या शांत माशांना जगू देत नाही. तो घ्यायचाच असेल तर सर्वांत शेवटी सोडावा.

आता बॅरीच्या घराण्याकडे वळू. युनिस वंशातले हे किडे ब्रिसलवर्मपेक्षा वेगळे ओळखता येतात. अंगावर मोराच्या पिसासारखी झळाळी, केसांचे झुपके नावापुरते, आणि डोक्यावर ठळक पाच स्पर्शिका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जबडे. घशातला भाग झटक्याने बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला कात्रीसारखे कठीण जबडे असतात. ब्रिसलवर्मला असे जबडे नसतात. युनिस वंशातल्या बऱ्याच लहान जाती शैवाल आणि कुजके खाऊन शांतपणे जगतात. भीती आहे ती युनिस ॲफ्रोडिटोइसची, ज्याला बॉबिट वर्म म्हणतात. पीटर सायमन पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७८८ साली त्याचे पहिले वर्णन केले. ‘बॉबिट’ हे नाव फार अलीकडचे, नव्वदच्या दशकातले.

हा किडा वाळूत किंवा दगडात अंग पुरून, फक्त स्पर्शिका वर ठेवून बसतो. मासा जवळून गेला की झडप घालून त्याला खाली ओढतो. किती वाढू शकतो, याचे उत्तर जपानमध्ये मिळाले. शिराहामा इथे मत्स्यशेतीच्या एका तराफ्याच्या तरंगत्या पिंपात २००९ साली एक सापडला: २९९ सेंटिमीटर लांब, ६७३ वळी, वजन ४३३ ग्रॅम. पिंपाच्या आत इतकी वर्षे कुणाला पत्ता नव्हता. तैवानच्या ईशान्य भागात सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्मात इंग्रजी एल आकाराची, दोन मीटर लांबीची बिळे सापडली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या बिळांच्या तोंडाशी वारंवार पडझड झाल्याच्या खुणा दाखवून, ती अशाच दबा धरून बसणाऱ्या किड्यांची असावीत असे संशोधकांनी मांडले.

माशांनाही हा शत्रू ठाऊक आहे. इंडोनेशियातल्या लेंबे सामुद्रधुनीत संशोधकांनी स्कोलॉप्सिस जातीच्या माशांचे वागणे टिपले आणि २०१६ साली प्रसिद्ध केले. एखादा मासा ओढला गेला की त्याच जातीचे मासे बिळावर गोळा होतात, डोके खाली करून उभे राहतात आणि तोंडातून पाण्याचे फवारे थेट बिळात सोडतात. जागा उघडी पडली की किडा माघार घेतो. हे वाचल्यावर मला टाकीतल्या माशांची वाईट अवस्था प्रकर्षाने जाणवली. समुद्रात पळायला जागा असते, सोबत असते. चार फुटी काचेत रात्री झोपायचे ते त्याच दगडाच्या फटीत, जिथे तो बसला आहे. म्हणून असा किडा टाकीत असल्याची खात्री पटली तर त्याला काढण्यात कसूर करू नये.

तो काढायचा म्हणजे दगडासकट. कोणत्या भोकातून येतो ते काही रात्री लाल उजेडात पाहायचे, दगडावर खूण करायची, आणि दिवसा तो आख्खा दगड बाहेर काढून समुद्राच्याच पाण्याच्या बादलीत ठेवायचा. मग भोकात साधा सोडा, गोडवा-वास काही नसलेला, पिचकारीने मारायचा. कार्बन डायऑक्साइडने गुदमरून किडा बाहेर येतो. नाही आला तर दगड नेहमीपेक्षा जास्त खारट पाण्यात थोडा वेळ बुडवतात. मिठाचे प्रमाण बदलले की आतले बरेच जीव बाहेर पडू पाहतात. ही कामे सावकाश होतात आणि पुष्कळदा पहिल्या खेपेला फसतात. नारिंगी, चिकट बुळबुळीत अंगाचा ओनोन फुल्गिडा हा किडा गोगलगायी आणि शिंपले खातो. त्यालाही हाच उपाय.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. दगड उकळायचा नाही, त्यावर उकळते पाणी ओतायचे नाही. किडे मारायचा सोपा उपाय म्हणून हे केले जाते आणि माणसे दवाखान्यात पोचतात. दगडांवर पॅलिथोआ जातीचे, बटणांसारखे दिसणारे जीव असतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असते. हवाईतल्या संशोधकांनी १९७१ साली वेगळे केलेले हे विष समुद्रातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. वाफेबरोबर ते घरभर पसरते. अमेरिकेत घरच्या टाकीतले असे जीव उकळत्या पाण्याने मारू पाहणाऱ्याला श्वासाचा गंभीर त्रास झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्या जीवांत पॅलिटॉक्सिन निघाले. किड्याच्या भीतीने घरातल्या माणसांचा जीव धोक्यात घालावा, एवढा मोठा कोणताही किडा नाही.

खरी डोकेदुखी लांब किड्यांची नाहीच, ती चपट्या किड्यांची आहे. लाल प्लॅनेरिया म्हणून ओळखला जाणारा कॉन्व्होल्युट्रिलोबा हा जेमतेम काही मिलिमीटरचा, गंजाच्या रंगाचा, शेपटाला दोन-तीन टोके असलेला. याच्या अंगात शैवाल राहते, म्हणून तो उजेडात पसरून बसतो. अंगाच्या मागच्या टोकाला नवा जीव फुटतो आणि गळून वेगळा होतो. नर-मादीची गाठ पडायची वाटच पाहावी लागत नाही. बघता बघता काच, वाळू, पोवळे सगळे तांबूस होते. तो पोवळे खात नाही, पण त्यावर चादर घालून उजेड अडवतो.

त्यासाठी बाजारात औषध मिळते आणि ते परिणामकारक आहे. तिथेच घात होतो. या किड्यांच्या अंगात विष असते, आणि एकाच वेळी हजारो मेले की ते सगळे पाण्यात येते. सकाळी औषध घातले, दुपारी किडे मेले, संध्याकाळी मासे. म्हणून आधी बारीक नळीने जितके शोषून काढता येतील तितके काढावेत, आठवडाभर रोज. औषध घालायच्या दिवशी ताजा सक्रिय कोळसा आणि बदलायचे पाणी तयार ठेवावे, सकाळीच सुरुवात करावी, आणि मासे अस्वस्थ दिसताच कोळसा चालू करून पाणी बदलावे. आठवड्याने पुन्हा तपासावे. कुत्र्या-गुरांच्या जंतांसाठी मिळणारे फेनबेंडाझोल टाकीत घालणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा: गोगलगायी, पंखावाले किडे आणि काही मऊ पोवळीही त्याने मरतात, आणि दगडांच्या आत मेलेल्या किड्यांचा अमोनिया वेगळाच.

ॲक्रोपोरा जातीच्या फांद्यावाल्या पोवळ्यांवर जगणारा चपटा किडा सर्वांत फसवा. २०११ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले, पुढे वंश बदलून तो प्रॉस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी झाला. छंदिष्टांना तो त्याआधीच ठाऊक होता. पोवळे खाताना त्यातले शैवाल आणि रंगही हा आपल्या अंगात घेतो, त्यामुळे डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. दिसतात त्या खुणा: फांदीच्या बुडाशी वाटोळे, फिकट चावे, आणि उतरत चाललेला रंग.

त्याच मित्राकडे मी एकदा नव्या फ्रॅगची, म्हणजे बोटभर कापून विकल्या जाणाऱ्या पोवळ्याच्या तुकड्याची, तपासणी पाहिली. पांढऱ्या वाडग्यात टाकीचे पाणी, त्यात डिपचे, म्हणजे पोवळे बुडवून किडे सोडवण्याचे, औषध, आणि हातात स्वयंपाकघरातली रबरी फुगा असलेली पिचकारी. पोवळ्यावर पाणी मारत राहिल्यावर सुरुवातीला काहीच निघाले नाही. मग एक पारदर्शक चकती सुटून वाडग्यात गिरकी घेत खाली गेली. मग दुसरी. पांढऱ्या बुडावर त्यांच्या आतल्या तपकिरी रेषा दिसू लागल्या. वर फांदीकडे पाहिले तर ती तशीच, काही न झाल्यासारखी. मग त्याने भिंग घेऊन फांदीचे बूड पाहिले. जिथे मांस संपून उघडा सांगाडा सुरू होतो तिथे तपकिरी, चकचकीत ठिपक्यांचे पुंजके होते. ही अंडी. डिपच्या औषधाने किडा मरतो, अंडे मरत नाही. म्हणून बूड कापून टाकायचे, उरलेली अंडी ब्लेडने खरवडायची, आणि तुकडा वेगळ्या टाकीत ठेवून दर आठवड्याला डिप द्यायचा. अंड्यातून निघालेला किडा स्वतः अंडी घालू लागण्याआधी गाठला पाहिजे. पाणी थंड असेल तर अंडी उशिरा उबतात, म्हणजे मुदत आणखी वाढवावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या किड्यावर सिक्सलाइन मासा आणि पेपरमिंट कोळंबी सोडून पाहिली. दोघांनीही किड्यांची संख्या घटवली. मला हा मार्ग औषधापेक्षा पटतो. तरी वेगळ्या टाकीला तो पर्याय नाही.

वेगळी टाकी, म्हणजे क्वारंटाइन, याबद्दल आपल्याकडे सगळ्यांत जास्त टाळाटाळ होते. जागा नाही, खर्च नाही झेपत, ही कारणे खरी आहेत. पण वीस लिटरची टाकी, छोटा हीटर आणि पंप यांचा खर्च एका चांगल्या पोवळ्याच्या तुकड्याहून जास्त नसतो.

आपल्या समुद्राबद्दलही बोलायला हवे. भारतात २००१ पासून सगळी पाषाण पोवळी, काळी पोवळी आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पोवळी आहेत. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० साली हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची पोवळी हलवायची वेळ आली तेव्हा महापालिकेलाही आधी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. तेव्हा ओहोटीला मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या खडकावरून पोवळे लागलेला दगड टाकीसाठी उचलणे हा गुन्हा आहे, आणि मला तो कायद्याबाहेरही गुन्हाच वाटतो. त्या दगडातले किडे तिथल्या खेकड्यांचे, माशांचे, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे अन्न आहेत. कोरड्या दगडाने टाकी सुरू करता येते. खाणीतला किंवा कृत्रिम दगड, त्यावर बाटलीतले जिवाणू, आणि मग एखाद्या मित्राच्या निरोगी टाकीतला मूठभर दगड, पारखून घेतलेला. त्या दगडासोबत चार ब्रिसलवर्म आले तर ते येऊ द्यावेत. कोरड्या दगडाच्या नव्या टाकीत काही महिने तपकिरी आणि हिरव्या शेवाळाचे थर येतात, कारण उरलेसुरले संपवणारे कोणी आत नसते.

टाकीतून जे बाहेर काढले त्याचे काय करायचे, हा शेवटचा आणि गंभीर प्रश्न. अनेकांना दया येते आणि मग किडा, दगड किंवा नको झालेला मासा जवळच्या खाडीत, चौपाटीवर सोडला जातो. टाकीतला जीव समुद्रात गेला की काय होते ते पाहा. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या पाण्यात १९८४ साली कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शैवालाचा छोटासा पट्टा दिसला. मत्स्यालयात वाढवलेला तो वाण होता. पुढे तो भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टरांवर पसरला. तोच वाण २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खारकच्छात सापडला तेव्हा तिथल्या यंत्रणेने ताडपत्र्या अंथरून, आत क्लोरीन सोडून तो मारला. सहा वर्षे आणि सत्तर लाखांहून अधिक डॉलर लागले. एवढ्याशा शैवालाने हे होते, तर तुकड्यांतून वाढणाऱ्या किड्याने काय होईल याची परीक्षा आपल्या खाडीत घेऊ नये. काढलेला किडा गोठवून मारावा. डिपचे आणि बादलीतले पाणी खिडकीजवळ, ब्लीच घालून दिवसभर ठेवावे आणि मगच मोरीत ओतावे. दगड नको असेल तर तो गच्चीवर पार वाळेपर्यंत उन्हात ठेवावा आणि कचऱ्यात टाकावा.